नाय म्हाराजा

यशोदा तारीला कोणी भांडकुदळ म्हटलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. ती भांडतेच. पण मी जन्मभर एसटीत कंडक्टर होतो, मालवण डेपोला, आणि भांडणाऱ्या माणसांतला फरक मला कळतो. सुट्ट्या पैशांवरून भांडणारा वेगळा आणि जागेवरून भांडणारा वेगळा. यशोदा जागेवरून भांडणारी. दुसऱ्याच्या जागेवर ती बसणार नाही आणि स्वतःची सोडणार नाही.

ती मूळची धामापूरच्या पलीकडची, शेतकऱ्याघरची. लग्न होऊन आमच्या पुळणवाडीत आली तेव्हा इथे रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या, माड आणि वाळत घातलेले बांगडे एवढंच होतं. आता तुम्ही या आणि बघा. ज्याच्या त्याच्या पडवीवर पाटी लागली आहे. पाण्याखाली मासे दाखवणारे वेगळे, पाण्यावर उडवणारे वेगळे. गोविंदमामांच्या खळ्यात, जिथे भात झोडायचे, तिथे मोमोज मिळतात. यशोदाने पण घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. इथलं सगळं तीच बघते. तिच्या हातचं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं खाल्लेला पाहुणा पुढच्या वर्षी परत येतो. म्हणजे पर्यटन तिला नको होतं असं कोणी म्हणू नये.

भांडण झालं ते शाळेवरून.

आमची शाळा चौथीपर्यंतची, जिल्हा परिषदेची. चिऱ्याच्या दोन खोल्या, कौलारू छप्पर, पुढे मैदान आणि मैदानापुढे समुद्र. वाडीतली सगळ्यात देखणी जागा, आणि तीच तिच्या मुळावर आली. मुलं दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढी उरली होती. बाकीच्यांना सकाळी उजाडायच्या आत पिवळी व्हॅन उचलते आणि शहरातल्या इंग्लिश मीडियममध्ये नेऊन टाकते. उरलेल्यांना अनुजाबाई एकट्या शिकवतात, चारही इयत्ता, कधी कधी एकाच खोलीत, कारण दुसरी गळते. यशोदाची तेजस्वी त्या उरलेल्यांतली.

एक मेच्या ग्रामसभेत सरपंच सुशांतने पडद्यावर चित्रं दाखवली. सुशांत वाईट मुलगा नाही. नळाचं पाणी त्याने आणलं, रस्त्यावरचे दिवे त्याने लावले. चित्रात आमच्या शाळेच्या जागी काचेचं पर्यटक सुविधा केंद्र होतं आणि मैदानात गाड्या उभ्या होत्या. मुलांना शेजारच्या गावच्या शाळेत गाडीने पोचवायचं ठरलं होतं. तो पुन्हा पुन्हा एक शब्द बोलत होता, जीवनमान. वाडीचं जीवनमान उंचावणार. मला हा शब्द आवडत नाही. ज्याचं त्याचं जीवन आणि मान वेगवेगळे असताना दोन्ही एका गाठोड्यात बांधून कोणीतरी उचलून नेतंय असं वाटतं.

आमच्याकडे घरात, बाजारात, होडीवर मालवणी चालते. पण सभेत उभं राहिलं की माणसं पुस्तकातलं मराठी बोलायला लागतात आणि निम्मं बोलायचं राहून जातं. यशोदाचं तसं नाही. सुशांतने शाळेची हलाखी सांगितली, गळकं छप्पर, एकच बाई, घटता पट. तिने सगळं ऐकून घेतलं. शाळा वाईट अवस्थेत आहे हे तिला कबूल होतं.

मग ती म्हणाली, "शाळा वायट आसा म्हणान बंद करूची, तर समोरचो रस्तो शाळेपेक्षा वायट आसा. तो पण बंद करून टाका."

सभा हसली. सुशांतही हसला, आणि समजुतीच्या सुरात म्हणाला की वहिनी, सगळ्यात जास्त पर्यटक तुमच्याकडेच उतरतात, फायदा तुमचाच आहे.

"पावणो दोन दिस ऱ्हवता नि जाता," यशोदा म्हणाली. "तेका गाडी ठेवक जागा व्हयी. माझ्या तेजस्वीक, माझ्या चेडवाक हय जन्म काढूचो आसा. तेका शाळा व्हयी."

बोलणं सगळ्यांना पटलं आणि हात सगळ्यांचे ठरावाच्या बाजूने वर गेले. हे आमच्याकडे होतं. खाली राहिलेले हात दोन, एक तिचा आणि एक माझा. माझा सांधेदुखीमुळे खाली राहिला असं सुशांत नंतर कुठेतरी म्हणाला. म्हणू दे.

नवऱ्याचा बोटीवरून फोन आला. त्याचंही म्हणणं, हट्ट सोड, तेजस्वीलाही व्हॅनमध्ये घाल, सगळ्यांची मुलं जातात. ती संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसली तेव्हा रागाने तिचा चेहरा लाल झाला होता. मी तिला विचारलं, एवढं कशासाठी? तेव्हा तिने मला तिची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. तिच्या वाडीत शाळा चौथीपर्यंत होती, घराच्या मागे. पुढची शाळा लांब, घाटी उतरून. भावांना सायकल मिळाली. तिला सांगितलं गेलं की एवढ्या लांब पोरीने एकटीने जायचं नाही. ती घरी राहिली, आणि अजूनही पाहुण्याने इंग्रजीत काही विचारलं की ती हसते आणि तेजस्वीला हाक मारते.

"शाळा लांब गेली ना दादानु, की पयली चेडवांची सुटता," ती म्हणाली. "झिलग्यांची नाय सुटणा. आज गाडी देतले. उद्या गाडी बंद पडतली. मग?"

एसटीत असताना अशा बंद पडलेल्या कितीतरी गाड्या मी बघितल्या होत्या.

मेच्या मध्यावर शाळेच्या मैदानात नारळ ठेवायचा दिवस आला. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे विहीर खणा, होडी पाण्यात लोटा, दुकान उघडा, आधी देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी मोठ्याने देवाला एकेक गोष्ट सांगतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'रे म्हाराजा' आलं की जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, व्हय म्हाराजा. आम्ही हे आईच्या कडेवर असल्यापासून म्हणतो. त्यासाठी विचार करावा लागत नाही, 'रे म्हाराजा' कानावर पडलं की जीभ आपसूक हलते.

मांडव घातला होता. मैदानाच्या कडेला दोडामार्गाकडचा एक जेसीबीवाला यंत्र घेऊन तयार होता. आमचे मानकरी सत्यवान आजोबा, नव्वदीला टेकलेले पण आवाज खणखणीत. केळीच्या पानावर नारळ ठेवून त्यांनी सुरुवात केली. बा देवा रवळनाथा, आज तुझी लेकरं इथे जमली आहेत. व्हय म्हाराजा. त्यांनी जे काम हाती घेतलं आहे त्याला यश दे. व्हय म्हाराजा.

"ह्यो शाळेचो जागो मोकळो करून दी, कोणाची आडकाठी येवक देऊ नको रे म्हाराजा."

"नाय म्हाराजा."

आवाज एकटीचा होता, पण सगळ्यांच्या आधी आलेला. सगळ्यांचा 'व्हय' अर्ध्यात अडकला. मी एवढी वर्षं गाऱ्हाणी ऐकली, पण त्यात 'नाय' कधी ऐकला नव्हता. बायका, पुरुष, मांडववाला, सगळे तिच्याकडे वळून बघायला लागले. खरं सांगतो, मला आनंद झाला होता.

सुशांत पुढे आला आणि दबल्या आवाजात म्हणाला, "वहिनी, हे देवाचं काम आहे."

"म्हणानच बोलतंय. सभेत तुमी हात मोजलात. देवाकडे हात मोजूचे नसतत."

सत्यवान आजोबांनी उचललेला नारळ परत पानावर ठेवला. गाऱ्हाण्यात 'नाय' आला, आता हा नारळ आपण फोडणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. सुशांतने त्यांना पुष्कळ विनवलं. ते हलले नाहीत. शेवटी ते यशोदाला म्हणाले, "तुया अडवलंस, तर आता तूच सांग देवाक. काय व्हया ता."

बाईमाणूस कधी गाऱ्हाणं घालतं काय, असं मागे कोणीतरी पुटपुटलं. आजोबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो गप्प झाला. यशोदाने पदर खोचला, नारळासमोर उभी राहिली आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, ही शाळा तुझ्या लेकरांनी डोक्यार चिरे वावून बांधली रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." थोडे आवाज आले, चाचरत.

"ह्या वाडीत जल्मले ते सगळे ह्याच शाळेत अक्षर शिकले रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता जास्त. कारण ते खरंच होतं, सुशांतसकट.

"ही शाळा हयच ऱ्हवांदे, तिची घंटा वाजांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता सगळा मांडव.

"आणि आज हय जे जे व्हय म्हणतत, तेंची पोरां ह्याच शाळेत बसांदेत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

यावेळचा सगळ्यात मोठा आवाज सुशांतचा होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले. त्याचा आजा आमचा जुना मानकरी. लहानपणी सुशांत प्रत्येक गाऱ्हाण्याला त्याच्या मागे उभा असायचा आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा. ती सवय त्याच्या आधी बोलून गेली. त्याने डोळे उघडले तेव्हा सगळा गाव त्याच्याकडे बघत होता. त्याचा समर्थ दुसरीत, पिवळ्या व्हॅनमधून जाणारा.

आजोबांनी नारळ फोडला. जेसीबीवाल्याने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत विचारलं, नारळ कशासाठी फुटला? शाळेसाठी, असं कोणीतरी सांगितलं. "मग मी हय काय करतंय?" म्हणाला, आणि यंत्र घेऊन निघून गेला.

नंतर खूप चर्चा झाली. ठराव तो ठराव, त्याला गाऱ्हाण्याने बाध येत नाही, असं शिकलेले लोक म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. पण पुन्हा नारळ ठेवायला सत्यवान आजोबा तयार नव्हते, आणि बिननारळाचं काम करायला वाडीत कोणी मजूर तयार नव्हता. केंद्राचं काम पुढे ढकललं, मग जागा बदलली. आता ते बंदराकडे होणार आहे. सुशांतची बायको रिया मुलाला शहरातल्या शाळेतून काढायला अजिबात राजी नव्हती. पण त्याची आई जेवायला वाढताना रोज एकच प्रश्न विचारायची, देवाला व्हय कोण म्हणालं होतं? जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा समर्थ दप्तर घेऊन आला. आणखीही काही मुलं आली. सगळी आली नाहीत. देवाला व्हय म्हणून विसरणारेही असतात, त्यांची नावं मला पाठ आहेत.

जुलैत एका दुपारी मी यशोदाच्या खळ्यात बसलो होतो आणि ती बांगडे साफ करत होती. सुशांत तणतणत आला. समर्थचं दप्तर भिजलं होतं, त्याला ताप भरला होता. छप्पर गळतंय, भिंतीला ओल आहे, बाई एकटी चार वर्ग कशी सांभाळणार, मुलांनी शिकायचं कसं, ही काय शाळा आहे? सगळं पुस्तकातल्या मराठीत.

यशोदाने हात धुतले.

"आता दिसला?" ती म्हणाली. "माझा चेडू तीन पावसाळे ह्याच छपराखाली भिजता. तेवा तुका चित्रां दिसत होती."

मग समर्थचा ताप उतरला की नाही हे तिने सुशांतला विचारलं आणि पोरासाठी काढा करून दिला.

दोन दिवसांनी उघडीप मिळाली तेव्हा तो चार माणसं घेऊन शाळेवर आला आणि स्वतः शिडी लावून वर चढला. यशोदा खाली उभी राहून फुटकी कौलं दाखवत होती, हे नको, त्याच्या पलीकडचं. मी शिडी धरली होती, सांधेदुखीसकट. शेवटचं कौल बसलं तशी तिने मान वर केली.

"ह्या झाला. आता शाळेक दुसरो मास्तर आणूक जाऊचा रे म्हाराजा."

वरून, कौलांतून, आमच्या सरपंचाचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."