बशीतला काळोख

प्रयोगशाळेत तिला सगळे अक्का म्हणत. पेशींतलं एन्झाइम काम करतंय का, हे ती एक रसायन घालून पाही. जागं एन्झाइम त्या रसायनाला धरून हिरवं चमकायचं. झोपलेलं असलं की नुसता काळोख.

त्या दिवशी बशीत तिच्या धाकट्या भावाच्या गाठीतल्या पेशी होत्या. नव्या औषधाने त्यांचं एन्झाइम झोपलं, तरच ते औषध त्याला मिळणार होतं. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मिट्ट काळोख! अक्काचा जीव भांड्यात पडला. तिने लगेच भावजयीला फोन लावला, "अगं, लागू पडलं!"

मग शिरस्त्याप्रमाणे तिने त्याच पेशींची, औषध न घातलेली बशी पाहिली. ती तर लखलखायला हवी होती. तिथेही काळोखच.

"अक्का, रसायनाची कुपी उजेडात राहिली का?" सहकारी हळूच म्हणाला. "उजेडाने मरतं ते."

"घाईत मीच झाकायची विसरले रे."

ताजं रसायन घालताच दोन्ही बश्या सारख्याच हिरव्यागार उजळल्या. औषधाने एन्झाइम झोपलंच नव्हतं.

तेवढ्यात भावाचा फोन आला. "अक्का, आता म्हातारपणीही तुझ्याशी भांडायला मी आहे म्हणे!"

"बाळ्या, जरा खाली बस," ती म्हणाली. "आधी मी काय चुकले, ते ऐक."