ओल्या लाकडाचा हिशेब

श्रावणात, मंगळवारी, वडील वारले. दुपारी त्यांना नेलं. आई आणि मी घरी राहिलो.

आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मी बुलढाण्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते, चार पुस्तकं वाचली होती, पण त्या दिवशी मीही दाराची चौकट धरून उभी राहिले आणि माणसं वळणाआड गेली. भाऊ नसल्यामुळे अग्नी काकांनी दिला. पाऊस सकाळपासून पडत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा पडत होता.

माणसं परत आली आणि अंगणात हातपाय धुऊ लागली. आई भिंतीच्या अलीकडे बसली होती. पलीकडून कोणीतरी म्हणालं, "लाकूड ओलं होतं ना बे. मले तं वाटलं पुरत नाही." दुसऱ्याने त्याला गप्प केलं. पण आईने ऐकलं होतं.

त्या दिवसापासून आईचं जेवण सुटलं. ताटावर बसायची, दोन घास चिवडायची आणि हात धुवायची. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "ते अर्धे राहिले असतील तं?"

मी काकांना विचारलं. काका आईला म्हणाले, "सारं झालं बरोबर वहिनी, काऊन मनाले लावून घेता?" शेजाऱ्यांनीही तेच सांगितलं. आई मान हलवायची. समजूत घालायला आलेला माणूस दुसरं काय सांगणार, हे तिला कळत होतं, आणि मलाही.

तेरावा झाला. काका दुसरबीडकडे आपल्या गावी परतले. जाताना त्यांनी खर्चाची यादी माझ्या हातात दिली. "तू शिकलेली आहेस, ठेव," म्हणाले.

यादी मी प्रथम खर्च बघायला उघडली. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी स्मशानात चालले आहे. बांबू दोन. सुतळी. कडबा एक पेंढी. म्हणजे तिरडी अशी बांधली. मांजरपाट सात वार. वडील उंच होते, काकांनी दुकानात उंचीचा दोरा नेला असणार. या कापडाला घासाघीस करत नाहीत, म्हणून दुकानदाराने सांगितले तेच आणे लिहिले होते. मडकं एक, समोर पैसे नाहीत, एक पायली ज्वारी. कुंभार या मडक्याचे पैसे घेत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. गवऱ्या, समोर फक्त "गावच्या". घरटी पाच-पाच आणून टाकल्या होत्या. राळ. तूप. जे मला बघायला मिळालं नव्हतं ते ओळीमागून ओळ दिसायला लागलं, आणि मी उठून उजेडात, ओट्यावर जाऊन बसले.

मग ही ओळ आली: लाकूड आठ मण, त्याचे पैसे. तिच्याखाली: आणखी लाकूड दोन मण. पुढे काहीच नाही.

आईनेही ती यादी माझ्याकडून वाचून घेतली. ही ओळ ऐकली आणि ती उठून आत गेली. "कमी पडलं म्हून मांगून आणलं," आतून म्हणाली. "पाह्यलं?"

मी तशीच बसले. यादी वरून खाली, खालून वर. आणि अगदी शेवटी मला ते सापडलं. गाडीभाडं, एक खेप.

एक खेप! मागाहून लाकूड आणलं असतं तर दोन खेपा झाल्या असत्या. काका पै-पै लिहिणारे. दुसरी खेप ते विसरले नसते. म्हणजे दहाही मण लाकूड एकाच गाडीत, एकाच वेळी गेलं होतं. मी हे आईला ओरडून सांगितलं. तिने फक्त विचारलं, "मंग दोन मण फुकट काऊन?"

यादीत बिनपैशाची गोष्ट म्हणजे कोणीतरी दिलेली. पण लाकडाचा व्यापारी दोन मण लाकूड कशाला देईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छत्री घेतली आणि नांदुऱ्याच्या रस्त्याला लागले. लाकडाची वखार तिथेच, रस्त्याला लागून. कोसभर चिखल. एरवी मी हळू चालणारी बाई. त्या दिवशी मी चपला हातात घेऊन चालले होते.

वखारीत मोठा काटा टांगला होता. मालक म्हातारे मुसलमान गृहस्थ, गाव त्यांना चाचा म्हणायचं. बाजूला दोन गडी ओंडके फोडत होते. मी यादी पुढे केली तसा एक गडी हसला. "चाचा, मास्तरीणबाई वजन तपासायले आल्या."

"तपासू दे," चाचा म्हणाले. "तुले तं बे एक मणही नीट तोलता येत नाही. बोल बेटी, जास्त घेतले का म्या?"

"नाही चाचा. कमी घेतले. ते का, एवढंच विचारायचं आहे."

त्यांनी यादी हातात घेतली नाही. मलाच विचारलं, किती तोललं होतं? आठ मण, मी म्हणाले. मग ते सांगू लागले. मयतीचं लाकूड मागायला माणूस आला की ते तीन गोष्टी विचारतात. मोठं माणूस की लेकरू? अंथरुणाला किती दिवस होतं? आणि पाऊस आहे का? दीर्घ दुखण्याने वाळलेल्याला कमी लागतं. वडील चार दिवसांच्या आजारातच गेले होते, अंगाने धिप्पाड. "असल्या माणसाले आठ मण. कोरडं."

"पण लाकूड ओलं होतं."

"तेच तं. काट्याले काय कळते, लाकूड कोणतं अन पाणी कोणतं? पावसाळ्यात मणामागं दहा शेर पाणी धरतो मी. अन मयतीच्या घरून पाण्याचे पैसे घेत नाही."

मणामागे दहा शेर. आठ मण. ऐंशी शेर. चाळीस शेरांचा मण.

"दोन मण!" मी एवढ्या जोराने म्हणाले की गड्याची कुऱ्हाड थांबली.

"हाव. दोन मण वरून टाकलं."

मी हसत होते. वडील जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते आणि मी वखारीत चिखलाच्या पायांनी उभी राहून हसत होते. मग शिक्षिकेला सुचायचं ते सुचलं. त्या वरच्या दोन मणांतही पाणी असणारच की! मग आठ कुठे भरले? मी विचारलं.

चाचा गड्याकडे वळले. "पाह्य, याले म्हणतात तपासणं." मग मला मागच्या छपराखाली घेऊन गेले. तिथे उन्हाळ्यातच भरून ठेवलेलं धावड्याचं लाकूड रचलेलं होतं. त्यांनी एक तुकडा माझ्या हातात ठेवला. ओल्याच्या मानाने हलका, खणखणीत. "हे जास्तीचं देतो ते इथलं. हे तळाशी, छातीखाली लावायले सांगतो, मधात कपाशीच्या पऱ्हाट्या. खालचं पेटलं की वरचं ओलं आपोआप वाळत जाते. वर धूर दिसते, म्हून लोकं घाबरतात."

अंगणात हात धुणाऱ्या माणसाने तोच धूर पाहिला होता.

परतीची वाट मला आठवत नाही. आई चुलीपुढे होती. मी छत्रीही न मिटता सांगायला सुरुवात केली. तिने मला दोनदा थांबवलं. दहा शेर का धरतात ते पुन्हा विचारलं. धावडा तळाशी होता हे पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "कशी रचतात ते सांग. पहिल्यापासून." मी जमिनीवर काड्या मांडून दाखवलं, तळाचं कोरडं, मधल्या पऱ्हाट्या, वरचं ओलं. ती वाकून बघत होती. एक काडी तिने स्वतः सरळ केली.

"म्हंजे आठ भरले."

"भरले, आई."

तिने काड्या गोळा केल्या. मग म्हणाली, "भाकर आहे का वं कालची?" होती. तिने ती तेल-तिखटाशी पूर्ण खाल्ली, वर अर्धी मागून घेतली.

शाळाखात्याने दिलेली रजा संपली आणि मी बुलढाण्याला गेले. आईला पुढे माझ्याजवळच नेलं. ती बरीच वर्षं जगली, आणि ती गेली तेव्हा उन्हाळा होता, लाकूड कोरडं होतं.

आता घरात मी एकटी राहते. त्या दोघांच्या जाण्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही.