आत्याने धुतलेला समुद्र

देवाने पृथ्वी करताना खाली माती घातली नसती, तर माझ्या आत्याचं त्याच्याशी फार चांगलं जमलं असतं. डोंगरकडा नावाच्या काळ्या मातीच्या गावात राहून मातीशीच दावा मांडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तिच्या दारात पाहुण्याला आधी "पाय धू" म्हणतात, मग "ये". शेळीचं दूध काढायचं तर आधी शेळीची आंघोळ होते. आत्या दिसली की ती शेळी आपणहून मोरीकडे चालू लागते. दुकानातून नवा साबण आला की तो आधी धुऊन घेतला जातो. का, म्हणून विचारलं तर म्हणते, "दुकानदारानं कोन्त्या हातानं दिला, तुला ठाऊक हाय का?"

अशा बाईच्या घरात वाळू आली, आणि तीही खुद्द नवऱ्याने आणली. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, अबोल गृहस्थ. शेती मुलाकडे सोपवल्यावर ते गुडघा दाखवायला नांदेडला गेले, तिथे दवाखान्यात खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी बघत बसले आणि त्यांचा नंबर निघून गेला. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. महिन्याभरात तसलीच टाकी त्यांच्या ओसरीवर आली. तळाला पांढरी वाळू, खास मीठ कालवलेलं पाणी, दोन नारिंगी मासे आणि एक फिकट, फुगऱ्या गालांचा. हा तिसरा दिवसभर तोंडात वाळू भरायचा, तिच्यातलं खाणं निवडून घ्यायचा आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून सोडून द्यायचा. "ह्या घरात कामाचं येवढं एकच हाय," आत्याने सगळ्यांदेखत जाहीर केलं. मामांनी ते हसून मान्य केलं.

पण माशाची सफाई आत्याला पटेना. वाळूवर कुठे तपकिरी डाग दिसला की ती चष्मा पुसून पुन्हा बघायची. एकदा मामा लग्नासाठी औंढ्याला मुक्कामी गेले आणि तिने डाव साधला. मासे त्यांच्याच पाण्यासकट बादलीत काढले, वाळू घमेल्यात उपसली, नितळ पाणी येईपर्यंत तांदळासारखी धुतली, वर उन्हात वाळवली आणि पुन्हा भरली. टाकी अशी काही झळकली की शेजारणी येऊन बघून गेल्या.

दोन-तीन दिवसांत मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले. फिकट मासा तर कोपऱ्यात पडूनच राहिला. मामा टाकीसमोर बसून राहिले, बायकोला एक शब्द बोलले नाहीत आणि जेवलेही नाहीत. आत्याला भांडता येतं, पण गप्प माणसाशी कसं भांडायचं ते येत नाही. मी नांदेडला नोकरीला असतो, म्हणून तिने मला फोन केला. "बाबा, माह्या हातानं मुकी लेकरं मरून राह्यली रे. तुहे मामा जेवून न्हाई राह्यले. काई तरी कर." तिचा असा रडवेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने कपाळाला हात लावला. वाळूच्या त्या मळातच डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि माशांची घाण तेच पचवतात. आत्याने नेमके तेच धुऊन टाकले होते. रोज थोडं पाणी बदला, खाणं कमी करा आणि माझ्या टाकीतली जुनी, न धुतलेली वाळू नेऊन टाका, असं त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आत्या स्टीलचा डबा घेऊन स्वतः एसटीने हजर झाली.

"वरची नको, खालची दे. मळकी पाह्यजे मला," ती दुकानदाराला म्हणाली.

"मावशी, सगळीच मळकी हाय."

"मंग आनखी दे."

मीही तिच्याबरोबर गावाला निघालो. वाटेत डबा तिने मांडीवरून हलू दिला नाही. कंडक्टरने विचारलं, "प्रसाद हाय का?" माझी आत्या, जन्मभर घाणीच्या नावाने बोटं मोडणारी, गंभीरपणे म्हणाली, "व्हय."

ती वाळू टाकीत पसरली. आता पाणी बदलण्यापलीकडे हात घालायचा नाही, नुसतं बघायचं, असं दुकानदाराने बजावलं होतं. करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा आत्या मामांशेजारी बाकावर बसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. एक नारिंगी मासा संध्याकाळी गेलाच. तिसऱ्या दिवशी मात्र फिकट माशाने हळूच तोंडात वाळू घेतली. "आवं, घेतली! घेतली बघा!" म्हणत आत्याने मामांचं मनगट धरलं, आणि मामांनी ते सोडवून घेतलं नाही. मग दोघं जेवले.

हल्ली वाळूतला गाळ ती बारीक नळीने ओढते, तोही एका वेळी एकाच कोपऱ्यातला. बाकीच्या वाळूकडे बघताना तिला होणारी तकलीफ तोंडावर स्पष्ट दिसते, पण ती हात लावत नाही. सगळा संसार या बाईने कामात वाकून काढला. नवऱ्याशेजारी रिकाम्या हातांनी बसायला तिला इतकी वर्षं लागली, याचं मला वाईट वाटतं, आणि ती आता बसते याचं त्याहून जास्त बरं वाटतं. परवा गेलो तेव्हा तिन्हीसांजेला दोघं टाकीपुढे होते. भांडी पडली आहेत म्हणत आत्या उठू लागली. मामा माशांवरची नजर न काढता म्हणाले, "बस की जराशी." आत्या पदर सावरून पुन्हा बसली.