काकीचे म्हातारे राखणदार

काकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळेऱ्याच्या नाक्यावर वडा खात होतो. पहाटे झोपेतच गेली, असं तिची सून सांगत होती, आणि मी, बावन्न वर्षांच्या घोड्याने, विचारलं, "मग आता कशी आहे?"... सून बिचारी एवढंच म्हणाली, "भावजी, तुमी आधी या."

महिना होत आला त्याला. विजयदुर्गच्या या माझ्या चुलतीचा मी एक गुन्हेगार. तीन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या बरगडीवर नागीण उठली. तोंड आणि शेपूट जुळून विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, ही लहानपणापासूनची माझी भीती. म्हणून तिला मी गेरू लावणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं. त्याने पुढे रेघ ओढून नागिणीची वाट अडवली. त्यात पाच दिवस गेले, मग दवाखाना गाठला. पुरळ सुकलं, दुखणं मात्र वर्षभर राहिलं. पोलक्याचं कापड घासलं तरी काकी ओठ चावायची. "आधी आणलं असतं तर गोळ्या जास्त लागू पडल्या असत्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.

त्यांनीच समजावलं. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू अंगातून जातच नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो. त्याच्यावर पहारा असतो टी पेशींचा. वय वाढतं तशी नव्या पेशींची भरती जवळजवळ थांबते, जुन्या थकतात, आणि हा डोकं वर काढतो. नागिणीची लस मात्र थकलेल्यांनाही पुन्हा सावध करते.

"म्हणजे राखणदार म्हातारो झालो," काकी म्हणाली. "म्हणान काय हाकलूचो? जागो करूचो!"

दुखणं ओसरल्यावर तिने लशीचे दोन्ही डोस घेतले आणि वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या मागे लागली. माझ्याही. मी सुईला घाबरणारा. एकदा धीर करून विचारलं, "काकी, त्या गेरूचो राग आसा काय गो?"

"आसा तर! तू सुई घेतल्याशिवाय जावचो नाय, मेल्या."

पहिला डोस तिच्यादेखत घेतला. मग तिने मला घरी आणून आपल्या पडवीतल्या बाकावर बसवलं. सुई टोचून आलेल्या प्रत्येकाला ती तिथे अर्धा तास बसवायची, चक्कर येते का बघायला, आणि मगच 'ऊठ' म्हणायची. मी दहा मिनिटांत उठू लागलो, तर आतून आवाज, "बस थंय!"

दुसरा डोस ती गेल्यावर, गेल्या आठवड्यात घेतला आणि थेट तिच्या घरी जाऊन बाकावर बसलो. दंड ठणकत होता. सून बाहेर आली. "भावजी, शेजारच्या अक्काक सुईक न्हेशात? ती तुमचाच नाव घेता." नेतो म्हटलं. अर्धा तास होऊन गेला. आता ऊठ, असं सांगणारं कोणी नव्हतं... बसून राहिलो.