कॅमेऱ्यासमोर दही-साखर

‘घरीच तर आहेस’ असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. ऑफिसातला टीम लीड हे म्हणतो, पुण्याहून फोनवर आई म्हणते, आणि नवरा तर उठता-बसता म्हणतो. नोकरी सांभाळून मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं कॉम्प्युटर सायन्सचं मास्टर्स करते आहे, ऑनलाइन. ऑनलाइन म्हटलं की लोकांना वाटतं, बाई पाय पसरून लॅपटॉपवर मालिका बघते आणि शेवटी कोणीतरी डिग्री ईमेल करून टाकतं.

दिवसभर इलेक्ट्रॉनिक सिटीत बसून मी दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासते. परतीची बस फ्लायओव्हरवर अडकली की मांडीवर लॅपटॉप उघडून लेक्चर बघते. जयनगरला घरी पोचले की कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईस्तोवर असाइनमेंट चालवून बघायची. ती पहिल्या खेपेला कधीच चालत नाही. तपासणारा माणूस नसतो, प्रोग्रॅम असतो. कुठे चुकलं ते तो सांगत नाही, नुसता नापास करतो. अशा वेळी कोणी ‘चहा टाकतेस का, घरीच आहेस तर’ असं म्हटलं की मला भांडं फेकून मारावंसं वाटतं. एकदा फेकलंही होतं, भिंतीवर.

सगळं अडलं होतं ते अल्गोरिदमच्या विषयावर. पहिल्या वर्षी तो मला सुटला नाही. दुसऱ्यांदा ठरलेली श्रेणी मिळाली नाही तर डिग्रीतूनच बाहेर, असा नियम. परीक्षा कॅमेऱ्यासमोर. खोलीत एकटीनंच बसायचं, दार बंद, दुसरं कोणी दिसलं की कॉपीचा संशय. सुरू करण्याआधी चारी भिंती दाखवायच्या, टेबलाखालची जागा दाखवायची, दोन्ही तळहात दाखवायचे.

शनिवारी सकाळी परीक्षा, आणि लीडनं नेमकं त्याच सकाळी नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज ठेवलं. मी महिनाभर आधी सांगितलं होतं. मधे एकदा लॉगिन करून बघ, घरीच तर आहेस, म्हणाला. मी साफ नाही म्हटलं, तेव्हा आठवडाभर माझ्याशी तुटक वागला. नवऱ्याकडे मी दोनच कामं दिली होती. अण्णांना आदल्या दिवशी नीट समजावून सांगायचं आणि परीक्षा संपेपर्यंत दारापाशी बसायचं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. हे घराणं काही शतकांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेलं, त्यामुळे घरातल्या मराठीत निम्मं कन्नड. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. सासूबाई गेल्यावर त्यांचं एक काम अण्णांनी न सांगता स्वतःकडे घेतलं. घरातलं कोणी परीक्षेला, मुलाखतीला, कोर्टात, अगदी स्कूटरच्या लायसन्सला जरी निघालं, तरी उंबऱ्यापाशी थांबवून तळहातावर दही-साखर ठेवायची. पायात चपला घातलेल्या माणसाला ते कधी तसंच जाऊ देत नाहीत.

त्या शनिवारी दही-साखर कालवून ते बाहेरच्या खोलीत बसले होते. मी बाहेर पडायची वाट बघत. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. दारापाशी बसायचं काम ज्याचं, तो नवरा ऑफिसचा फोन आला म्हणून गच्चीवर गेला होता. घड्याळात दहा वाजून गेले तसा अण्णांना घोर लागला. पोरगी आतच राहिली, परीक्षा सुरू झाली, आणि तोंडात काही पडलं नाही.

त्यांनी दार ढकललं तेव्हा मी एका गणितात पार बुडालेली होते. समोर वाटी आली.

“स्वल्प तोंडात घाल, अम्मा. उशीर झाला,” ते म्हणाले. मला ते अम्माच म्हणतात, इथे लेकीसुनांना म्हणतात तसं.

थांबा, असं सांगायला मी हात पुढे केला. पुढे आलेला हात बघून त्यांनी त्यावर दही ठेवलं. सरी, सरी, म्हणजे ठीक, ठीक, असं पुटपुटत ते दार ओढून निघून गेले. कीबोर्डावर तळहातभर दही धरून काय करणार, मी ते खाल्लं. कॅमेऱ्यानं सगळं बघितलं.

परीक्षा संपवून मी बाहेर आले, तेव्हा कुठे गच्चीवरून उतरत नवऱ्यानं विचारलं, झाली का परीक्षा, सोपी होती का. त्याला त्या क्षणी मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सोमवारी ईमेल आली. निकाल रोखून ठेवला आहे. खोलीत आलेली व्यक्ती कोण आणि तिनं तुमच्या हातात काय दिलं, याचा खुलासा करा. नवऱ्याच्या मते हे एकदम सोपं होतं. अण्णांचं वय झालंय, त्यांच्या लक्षात राहत नाही, असं लिहायचं. माफीच्या पत्रावर त्यांची सही घ्यायची, विषय संपला.

“अण्णांच्या सगळं लक्षात राहतं,” मी म्हटलं. “सांगायचं तू विसरलास. तसं लिही आणि तू सही कर.”

सही त्यानं केली नाही. माझ्या हट्टापायी माझीच डिग्री जाईल, एवढं मात्र दोन दिवसांनी म्हणाला. ते खरंच होतं, म्हणून अजूनच चीड आली.

व्हिडिओवर चौकशी झाली. पलीकडे एक बाई होती, अतिशय सौम्य. तो पदार्थ काय होता, तिनं विचारलं. दही आणि साखर, मी सांगितलं. कशासाठी? आमच्या घरी परीक्षेला निघालेल्या माणसाला देतात. त्यावर ती समजुतीच्या सुरात म्हणाली, पण तुम्ही तर कुठे निघाला नव्हता, तुम्ही घरीच होता. सातासमुद्रापलीकडच्या बाईनंही तेच ऐकवावं! त्या गृहस्थांनी आपली चूक लेखी मान्य केली तर प्रकरण मिटायला मदत होईल, असंही ती म्हणाली.

“ते मी त्यांच्याकडे मागणार नाही,” मी म्हटलं. “माझी परीक्षा ही परीक्षा आहे, असं वाटलेला या घरात तो एकच माणूस आहे.”

तिनं काहीतरी टिपून घेतलं. पुढच्या आठवड्यात ताकीद आली. फेरपरीक्षा द्या, ही शेवटची संधी, आणि पुन्हा खोलीत कोणी दिसलं तर नाव कमी.

या खेपेला नवऱ्यानं अण्णांना नीट सांगितलं. जरा जास्तच नीट. तुमच्यामुळे तिची डिग्री जायची वेळ आली होती, हेही सांगितलं. फेरपरीक्षेच्या सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर दह्याची वाटी मांडणीवर पालथी. अण्णा आपल्या खोलीत दार लोटून बसलेले, टीव्हीसुद्धा बंद. आयुष्यभर मान वर करून वावरलेला माणूस स्वतःच्या घरात श्वास रोखून बसला होता. माझा संताप संताप झाला.

मी बाहेरचे कपडे चढवले. खांद्याला ऑफिसची बॅग लावली, पायात चपला घातल्या आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिले.

“अण्णा, निघते मी.”

दार किलकिलं झालं. “कुठे?”

“परीक्षेला.”

सोफ्यावरून नवरा म्हणाला, अगं, परीक्षा घरीच तर आहे. मी त्याच्याकडे फक्त बघितलं.

अण्णांना वाटी शोधायला, दही काढायला वेळ लागला. साखर कालवून त्यांनी ते माझ्या हातावर ठेवलं. तळहातावरचं दही मी उभ्या उभ्या खाल्लं, त्यांच्या पाया पडले आणि फाटकाबाहेर गेले. घराला वळसा घालून मागच्या दारानं आत शिरले, खोलीची कडी लावली आणि लॅपटॉप उघडला. भिंती दाखवल्या, टेबलाखालची जागा दाखवली. मग स्क्रीनवर सूचना आली, दोन्ही तळहात कॅमेऱ्यासमोर धरा. उजवा तळहात अजून चिकट होता. मी तोच आधी धरला.