आईबापांच्या वाटणीचा कौल

माझ्या दोघा भावांनी जमिनीची वाटणी एका बैठकीत उरकली आणि आईबापांपाशी येऊन अडले. भातशेती, काजूची बाग, विहिरीचे पाणी, सगळे वकिलाने कागदावर चढवले होते. म्हातारपणी कोणी कोणाला सांभाळायचे, तेवढी जागा कोरी होती. वकील म्हणाला, आधी घरात ठरवा, मग मी लिहितो.

घरात ठरले ते असे: आई धाकट्याकडे मालवणला, बाबा थोरल्याकडे गावात. धाकटा कचेरीत कारकून, त्याच्या घरी लागोपाठची पोरे. थोरल्याकडे काजूची बाग आणि बोंडू चोरणाऱ्यांचा सुळसुळाट. म्हणजे एकाला आईचे हात हवे होते आणि दुसऱ्याला बाबांचे डोळे. वर दोघेही याला सेवा म्हणत.

मी सासरहून, मसुऱ्याहून, आले ती भांडायलाच. लेकीला वाटणीत काही मिळणार नव्हते, त्यामुळे तोंड मोकळे होते. म्हाताऱ्या माणसांची फाळणी करताना लाज कशी वाटत नाही, असे मी दोघांनाही ऐकवले. थोरला शांतपणे म्हणाला, मग दोघांना तू घेऊन जा. ते जमण्यासारखे नव्हते. माझ्या घरी सासूसासरे होतेच, शिवाय एक आतेसासू होती, जी मरायचे नाव घेत नव्हती.

शेवटी बाबांनी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तोड काढली: देवाला कौल लावायचा. म्हैस, विहीर आणि माझे लग्न, हे सगळे त्यांनी कौल लावूनच केले होते. त्यातली विहीर चांगली निघाली.

देवळात गुरवाने देवाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग त्याने देवाला गाऱ्हाणे घातले, की हिने मालवणला राहावे आणि ह्यांनी गावात, हे तुला मान्य आहे काय. कळ्या हलेनात. भाऊ हात जोडून उभे होते. मी मनातल्या मनात डाव्या कळीला ढोसत होते. बाबांचा चेहरा पार उतरला होता. त्यांना आईला सोडून राहायचे नव्हते, हे आंधळ्यालाही दिसले असते, पण तोंडाने बोलतील तर शपथ. मला त्यांचा रागही आला आणि रडूही.

तेवढ्यात आई मागून म्हणाली, "देवाक कित्या त्रास देतास? माका विचारा."

कोणी विचारले नाही, म्हणून तिने आपणहून सांगितले. "मी जातंय मालवणाक. लगीन झाल्यापासून ह्येंची पेज ढवळतंय. त्यापेक्षा पोरां बरी, ती निजतत तरी. माका आता वायच बसूक व्हया."

तिला थोडे बसायचे होते; माझी सगळी वकिली पाण्यात गेली. आणि नेमकी उजवी कळी पडली.

"परत लाव रे गुरवा," बाबा म्हणाले. "वारो लागलो."

गाभाऱ्यात वारा शिरायला फटसुद्धा नव्हती. पण गुरव शहाणा. त्याने देवाकडे न बघता आईकडे बघितले.

चारचौघांत नवऱ्याशी थेट बोलायची तिची पद्धत नव्हती. ती गुरवालाच म्हणाली, "माझ्यावांगडा येवचा आसा, तर तसां सांगूक सांग त्येंका."

बरोबर यायचे तर बाबांनी ते स्वतः सांगायचे होते; त्यांनी पाषाणावरची नजर काढली. मग अगदी हळू म्हणाले, "येतंय. माझी पेज मी ढवळतलंय."

वकिलाने तसे लिहून दिले, अर्थात पेज वगळून. थोरल्याने बागेसाठी कुत्रा पाळला. मालवणातल्या पहिल्याच सकाळी बाबांनी पेज तळाला लावली. आईने ती बसून खाल्ली.