मोटार सुरू करू का?

मोबाईलवरून शेतातली मोटार चालू-बंद करायच्या ॲपचं फॉर्मल स्पेसिफिकेशन मी लिहिते. पडद्यावर काय दिसत असताना कोणतं बटण दाबलं की पुढे काय होईल, हे गणिताच्या भाषेत मांडायचं आणि नको ते कधीच घडणार नाही हे सिद्ध करायचं. शिरूरच्या भाड्याच्या खोलीत बसून वर्षानुवर्षं हेच. मानेची पार वाट लागली आहे.

त्यातला एक नियम माझ्या हट्टाचा. लाईट जाऊन परत आली, तर माणसानं ‘होय’ दाबल्याशिवाय मोटार सुरू होता कामा नये. आमच्या इनामगावात बहुतेक मोटारी ऑटोवर; लाईट आली की आपोआप सुरू. आणि लाईट गेली की लोक नदीत उतरून मोटारीच्या जाळीतली जलपर्णी काढतात. तेवढ्यात लाईट आली आणि पाण्यात करंट उतरला, तर माणूस जागीच संपतो. माझे वडील, आबा, असेच उतरतात. म्हणून ऑटो काढून मी आमच्या मोटारीला ॲप जोडलं.

थोड्याच दिवसांत आबा वैतागले. “सारखं काय इचारतंय त्ये? तूच दाबत जा तिकडून. बसल्यालीच तर असती.”

म्हणजे नियम पाळला जाणार, ‘होय’ माणूसच दाबणार. फक्त तो माणूस नदीपासून लांब, शिरूरला. तो कुठून दाबतोय, हे माझ्या सगळ्या गणितात कुठंच नव्हतं. कंपनीतल्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, “ते आपल्या स्कोपमध्ये नाही.” मला भांडायचं त्राण नव्हतं.

तेव्हापासून आबांच्या मोटारीचा प्रश्न माझ्या मोबाईलवर येऊ लागला. एका दुपारी पडद्यानं विचारलं, ‘लाईट आली. मोटार सुरू करू का?’ मी आबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. बोट ‘होय’वर नेलं आणि मागे घेतलं. तशीच बसून राहिले, तोवर लाईट गेलीसुद्धा.

संध्याकाळी गावी गेले, तर आबा ओट्यावर तणतणत होते. “घटकाभर लाईट आली, आन् कांद्याला थेंब न्हाई! कशाला हाय तुझं त्ये ॲप?”

“आबा, फोन का नाही उचलला तुम्ही?”

“कसा उचलनार? नदीत व्हतो की, जाळी साफ करीत. फोन काठावं, सदऱ्यात.”

आपण काय बोललो, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. जेवताना ते रागारागानं भाकरी मोडत राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते. रागावू देत. समोर बसून जेवत होते.